गाडीची चाळिशी

आमच्या घरात १९७३ सालचे दोन नग आहेत. एक मी आणि दुसरी गॅरेजमधली एमजीबी. मी सांगलीचा. आई सांगते, मी पोटात होतो तेव्हा दुष्काळामुळे घरात रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरी चालू होत्या आणि माझ्या बोलण्यातला कोरडेपणा तिथूनच आलाय. एमजीबी ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनची. दोन दारं, दोन माणसांपुरती जागा आणि छप्पर म्हणून घडी करता येणारं कापड. कारखान्यानं तिच्या रंगाला 'हार्वेस्ट गोल्ड' असं नाव दिलं होतं, म्हणजे सुगीचं सोनं. ती पहिल्यांदा दारात येऊन उभी राहिली, तेव्हा बायको हात पुसत बाहेर आली, एक चक्कर मारून बघितलं आणि म्हणाली, "अरे, हे तर पिठलं."

त्या दिवसापासून गाडीचं नाव पिठलं. आता आम्ही सगळे रेडिंगला असतो, म्हणजे ॲबिंग्डनपासून तासाभराच्या आत. तिचं माहेर जवळ आहे. माझं नाही.

२०१८ च्या मे महिन्यात आम्हा दोघांच्याही वयाची सरकारदरबारी दखल घेतली गेली. मला दवाखान्यातून पत्र आलं की आपण तपासणीला यावं. इथे चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या माणसांना दर पाच वर्षांनी असं बोलावतात. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन, आणि दारूविषयी काही नाजूक प्रश्न. त्याच महिन्यात, २० तारखेपासून, नवा नियम लागू झाला की चाळीस वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना वार्षिक तपासणीची सक्ती नाही. एकाच सालची आम्ही दोघं. माणसाला चाळिशी लागली की तपासणी सुरू आणि गाडीला चाळिशी लागली की तपासणी माफ. बायकोला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "बरोबरच आहे. तिला मालक आहे."

या वार्षिक तपासणीला इथे एमओटी म्हणतात. मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्ट या नावाची ही आद्याक्षरं. ते खातं त्या नावानं केव्हाच उरलं नाही, पण मुंबईकर जसा अजून 'व्हीटीला उतरतो' म्हणतो, तसा इंग्रज अजून गाडी 'एमओटीला' नेतो. १९६० च्या सप्टेंबरात अर्नेस्ट मार्पल्स वाहतूकमंत्री असताना ही परीक्षा सुरू झाली. तेव्हा ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग एवढंच बघायचे आणि तेही दहा वर्षांवरच्या गाड्यांचं. पण पहिल्याच फेरीत इतक्या गाड्या नापास झाल्या की पुढच्याच वर्षी वयाची अट सातवर आणि १९६७ मध्ये तीनवर आली. आपल्याकडच्या शाळांमध्ये निकाल असा लागला असता तर पेपर सोपा केला असता. इथे परीक्षार्थी वाढवले.

गाडीची परीक्षा हा प्रकार मला नवा नव्हता. सांगलीत काकांची मेटाडोर होती. मार्केट यार्डातून हळदीची पोती वाहायची. तिचं दरवर्षी पासिंग असायचं आणि पासिंगचा दिवस म्हणजे घरात मुलगी दाखवायचा कार्यक्रम. आदल्या रात्री गाडी धुतली जायची. शेजारच्या टेम्पोवाल्याचे दोन बरे टायर उसने यायचे. प्रथमोपचाराची पेटी आमच्या शाळेतल्या स्काउटच्या मास्तरांकडून, आग विझवायचा लाल नळकांडा पेट्रोल पंपावरून. मागचे रिफ्लेक्टर मात्र काका स्वतःचे लावायचे, तेवढा स्वाभिमान त्यांना होता. संध्याकाळी मेटाडोर पास होऊन यायची, टायर परत जायचे, आणि ज्याचे टायर त्याचं पासिंग पुढच्या आठवड्यात असल्यामुळे आमची स्टेपनी त्याच्याकडे जायची. 'पासिंगपुरतं' हा शब्द मी तिथे शिकलो. पुढे परीक्षेच्या अभ्यासाला, पाहुण्यांपुढच्या वागण्याला, कशालाही तो चपखल बसला.

तेव्हा २००९ मध्ये पिठलं घेताना विकणाऱ्यानं तीन आठवड्यांपूर्वीचं एमओटीचं कोरं प्रमाणपत्र पुढे केलं, तेव्हा निदान मला तरी शहाणपण सुचायला हवं होतं. पण कागद इंग्रजी होता, देश इंग्रजांचा होता, आणि गाडी खालून काळ्याकुट्ट डांबरी लेपानं अशी सारवलेली होती की मला तर ती निगाच वाटली.

पुढच्या वर्षी मी गावातल्या एका छोट्या वर्कशॉपात तिला तपासणीला नेलं. तिथला परीक्षक साठीला टेकलेला, गोल चेहऱ्याचा, चष्मा कपाळावर. मी मनातल्या मनात त्याला मास्तर म्हणायला लागलो आणि आजतागायत म्हणतो. त्यानं गाडी रॅम्पवर उचलली, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात एक हातोडी घेतली. हातोडी कसली, खलबत्त्यातला बत्तासुद्धा तिच्यापुढे थोराड दिसावा. तो दाराखालच्या पट्टीवर हलके हलके ठोकत पुढे सरकू लागला. ठण. ठण. ठण.

मला एकदम कुंभाराच्या दारात माठ वाजवून बघणारी आजी आठवली. आजी कधी माठाच्या रंगाकडे बघायची नाही. कान लावायची, बोटाची कांडी मारायची, आणि दहातला एक उचलायची. मास्तरांचं तेच चाललं होतं. ठण. ठण. आणि मग, मागच्या चाकाच्या थोडं अलीकडे: थप.

त्यानं हातोडी थांबवली, परत मारली. थप. लेपाचा एक पापुद्रा गळून त्याच्या बाहीवर पडला. त्याच्यामागे पत्रा नव्हता, भराव होता.

"ओ डिअर," मास्तर म्हणाले. इंग्रज माणूस 'ओ डिअर' म्हणतो तेव्हा आपण पाकीट चाचपावं.

दाराखालच्या त्या पट्टीला इथे सिल म्हणतात. घराच्या उंबऱ्याइतकी साधी दिसते. पण एमजीबीला वेगळी चासी नाही, अख्खी गाडी आपल्या पत्र्यावरच उभी असते, आणि उघड्या गाडीला छपराचाही आधार नाही. सगळा कणा म्हणजे हे दोन उंबरे. आत एक पत्रा, बाहेर एक पत्रा आणि दोन्हींच्या मध्ये एक उभा पत्रा. पाणी एकदा आत शिरलं की बसून राहतं आणि आतूनच खात जातं. बाहेरून रंग तुकतुकीत. जुने लोक अशी गाडी घेताना एक साधी युक्ती करतात: जॅकवर उचलायची आणि दार उघडून बघायचं. उंबरे गेलेले असले तर गाडी मधोमध वाकते आणि दार अडकतं. मला हे गाडी घेतल्यावर कळलं. आमच्याकडे लग्नाच्या बाबतीतही बऱ्याच गोष्टी नंतरच कळतात.

पत्रा कापून नवा जोडला. ठिगळ लावायचं तर कडेनं अखंड वेल्डिंग लागतं, चार ठिपके देऊन भागत नाही. त्या वर्षीची सांगलीची फेरी रद्द झाली. आईला फोनवर सांगितलं की गाडीचं ऑपरेशन झालं. ती म्हणाली, "माणसं बरी आहेत ना?"

विकणाऱ्याच्या त्या कोऱ्या प्रमाणपत्राबद्दल मी मास्तरांकडे तणतणलो. ते शांतपणे म्हणाले, बघणाऱ्याला काही उघडायची, खोलायची परवानगी नाही. जे दिसतं, हलतं, वाजतं तेवढंच तो बघतो. आणि जे बघतो ते त्या वेळेपुरतं. कागदावर तसं लिहिलेलंच असतं. शिवाय इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांच्या तब्येतीशी या परीक्षेला काही देणंघेणं नाही. गाडी रस्त्यावर कुणाला मारणार नाही एवढं ती बघते. गाडी तुम्हाला घरी पोचवेल का, हा तुमचा आणि गाडीचा खाजगी प्रश्न.

हे मला पटायला आणखी काही वर्षं गेली. २०११ मध्ये पिठलं निर्विवाद पास झालं. एकही दोष नाही, एकही शेरा नाही. मी छप्पर खाली केलं, प्रमाणपत्र बाजूच्या सीटवर ठेवलं, त्यावर पाण्याची बाटली ठेवली आणि घरी निघालो. चार मैलांचा रस्ता. दुसऱ्या राउंडअबाउटवर गाडी उचकी लागल्यासारखी करून थांबली. एमजीबीत किल्ली फिरवली की मागून इंधनाचा पंप टक टक टक करतो, कार्बुरेटरची वाटी भरली की मंदावतो. त्या दिवशी मागे स्मशानशांतता होती. माझ्यामागे सात-आठ गाड्या, कुणीही हॉर्न वाजवेना, त्यामुळे जास्तच लाज वाटत होती. शेवटी एका म्हाताऱ्या बाईंनी काच खाली केली आणि विचारलं, "हातोडी आहे का?" त्यांच्या यजमानांकडे म्हणे तरुणपणी अशीच होती. पंपातले विजेचे पॉइंट चिकटले की बाहेरून एक टोला द्यायचा. मी चाकं काढायची तांब्याची हातोडी घेतली, वाकलो, एक दिला. टक टक टक टक. बाई हसल्या. सीटवरचं प्रमाणपत्र तसंच्या तसं.

उलट २०१३ मध्ये ती चक्क तीन विषयांत नापास झाली: नंबरप्लेटवरचा दिवा, एका वायपरचं रबर आणि हॉर्न. हॉर्न वाजत नाही हे मला माहीतच नव्हतं. सांगलीत असतो तर पहिल्याच चौकात कळलं असतं. इथे माझा हॉर्न वर्षातून एकदाच वाजायचा, तोही मास्तरांच्या हातानं. तिन्ही गोष्टी तिथल्या तिथे दुरुस्त झाल्या आणि त्या उन्हाळ्यात ती नापास पोर आम्हाला वेल्सच्या डोंगरांत फिरवून घेऊन आली, एक दिवस न थांबता. तेव्हापासून गुणपत्रिका बघून मुलांबद्दल मत बनवायचं मी सोडून दिलं. हे माझ्या मुलीला कळू दिलेलं नाही.

गुणपत्रिकेचा खरा त्रास वेगळाच आहे. इथे कुठल्याही गाडीचा नंबर सरकारी संकेतस्थळावर टाका, तिच्या गेल्या कित्येक वर्षांच्या परीक्षा दिसतात, फुकट. कधी पास, कधी नापास, काय शेरे, आणि त्या दिवशी किती मैल झाले होते तेही. म्हणजे एखाद्याचं प्रगतिपुस्तक चावडीवर टांगून ठेवल्यासारखं. एका रविवारी बायको फोनवर काहीतरी बघत होती. "तू गाडी ठेवतोस कारण ती चालवण्यात तुला आनंद मिळतो, बरोबर?" मी हो म्हणालो. मी सहसा असा पटकन हो म्हणत नाही. "२०१५ ते २०१६," ती म्हणाली, "१८७ मैल. तपासणीची फी ५४.८५ पौंड. म्हणजे मैलाला एकोणतीस पेन्स तुझी नुसती परीक्षा फी." मी म्हटलं, त्या वर्षी पाऊस फार होता. हे इंग्लंडात कुठल्याही वर्षाबद्दल म्हणता येतं.

तर २०१८ मध्ये ही चावडीच बंद झाली. सरकारचं म्हणणं असं की अशा गाड्या मुळात कमी चालतात, मालक त्यांना जिवापाड जपतात आणि आजची परीक्षा आजच्या गाड्यांसाठी आहे. गंमत म्हणजे आधी लोकांना विचारलं तेव्हा 'सूट नको' म्हणणारेच जास्त निघाले होते. पण सूट मिळाली. मालकानं फक्त आपलं आपण लिहून द्यायचं की गाडी चाळिशीच्या पुढची आहे आणि गेल्या तीस वर्षांत तिच्यात मोठा फेरफार झालेला नाही. रोड टॅक्सही माफ. जबाबदारी मात्र माफ नाही. धोकादायक अवस्थेतली गाडी रस्त्यावर आणली तर अडीच हजार पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन पॉइंट.

फेरफार नाही हे लिहून देताना माझा हात जरा अडखळला. १९६२ ते १९८० या काळात एमजीबी आणि तिची भावंडं मिळून पाच लाखांहून जास्त निघाली, त्यामुळे सुट्या भागांची ददात नाही. आज तिचा जवळजवळ प्रत्येक स्क्रू नवा मिळतो. अख्खी बॉडीसुद्धा जुन्याच साच्यांवरून १९८८ पासून नव्यानं निघते. माझ्या गाडीत उंबरे माझ्या पैशाचे, एक्झॉस्ट माझ्या पैशाचा, सीटखालच्या पट्ट्या माझ्या पैशाच्या. १९७३ चं नेमकं काय उरलंय, हा प्रश्न मला तिच्या बाबतीत आणि अलीकडे आरशासमोरही पडतो. पण कायद्याला अपेक्षित असलेला मोठा फेरफार हा नव्हे. झीज भरून काढणं चालतं. सही केली.

मग २०१९ च्या वसंतात मी स्वतःच परीक्षक झालो. ड्राइव्हवेवर पुठ्ठा अंथरला, गाडी स्टँडवर चढवली, मास्तरांसारखीच छोटी हातोडी विकत आणली होती ती घेतली आणि खाली सरपटलो. ठण. ठण. ठण. वा. ब्रेकच्या नळ्यांकडे पाहिलं: काळ्या, रबरी, लांबट. वा. टायर: गोल. अर्ध्या तासात तपासणी आटोपली. माझ्या अंदाजानं ब्रिटनच्या इतिहासात इतकी निर्दोष एमजीबी झाली नसेल.

मुलगी बाजूला पायरीवर बसून सफरचंद खात होती. तेव्हा ती चौदा वर्षांची होती, म्हणजे कुठल्याही गोष्टीचं कौतुक न वाटण्याचं वय. "बाबा," ती म्हणाली, "तू जिथे ठण वाजतं तिथेच मारतोयस."

मी म्हटलं, असं काही नाही.

"आणि तुझी चाळिशी कुठेय?"

ती स्वयंपाकघरात, फ्रीजवर होती. वाचायचा तो चष्मा मी गाडीखाली नेलाच नव्हता. दीड वितीवरची नळी मला ढगासारखी दिसली होती आणि मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले होते.

पुढच्या सोमवारी मी मास्तरांना फोन केला. ते म्हणाले, तुझ्या गाडीला आता लागत नाही हे माहीत आहे ना? मी म्हटलं, माहीत आहे, तरी बघा. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "गुरुवारी ये. तू या महिन्यातला चौथा."

गुरुवारी त्यांच्याकडे नवा पोरगा लागला होता. तो पिठल्यात बसला, सवयीनं संगणकाची वायर जोडायला डॅशबोर्डखाली खोबण शोधू लागला, आणि बराच वेळ शोधत राहिला. मास्तर काही बोलले नाहीत. ऑगस्ट १९७५ च्या आधीच्या पेट्रोल गाडीचा धूर इथे यंत्रानं मोजत नाहीत, डोळ्यांनी बघतात. त्यांनी पोराला मागे उभं केलं, ॲक्सिलरेटर दाबला आणि विचारलं, "काय दिसतं?" पोरगा म्हणाला, "भिंत." "मग पास."

गाडी वर गेली. ठणठण झाली, थप कुठेच नाही. मी मनातून मुलीला टोमणा तयार ठेवला. मग मास्तरांनी पोराला ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवायला सांगितलं आणि मला खाली बोलावलं. "इथे बघ," त्यांनी टॉर्च धरला. डाव्या पुढच्या चाकाकडे जाणारी रबरी नळी. मी खिशातून चाळिशी काढून लावली. "दाब," ते वर ओरडले. नळीच्या मधोमध, जिथे रबर भेगाळलं होतं, एक फुगा आला. पावसाळ्यात बेडूक ओरडायच्या आधी त्याचा गळा जसा फुगतो, तसा. "सोड." फुगा बसला. "दाब." परत आला. मी दोन-तीनदा बघितलं. पुठ्ठ्यावर पडून याच नळीला मी 'वा' म्हटलं होतं. आठवडाभर हिच्याच भरवशावर मुलीला शाळेत सोडत होतो, छप्पर खाली करून.

मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि नापासाचा कागद लिहायला बसले. मला एक अक्षर बोलले नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांचा अजून ऋणी आहे. पुढच्या दोन्ही नळ्या बदलल्या. दोन्हींचे पैसे त्या वर्षीच्या फीपेक्षा कमी झाले.

तेव्हापासून मी दरवर्षी नेतो. कोविडचं वर्ष सोडलं तर खंड नाही. गंमत अशी की दवाखान्याच्या पत्राला मात्र मी दोनदा उत्तर दिलं नव्हतं. पहिल्या वेळी काम होतं. दुसऱ्या वेळी मी घरच्या घरी तपासून बघितलं होतं: जिना चढलो, दम लागला नाही, पास. हे बायकोच्या कानावर गेलं. मुलगी फितूर आहे.

आमच्या फ्रीजवर कालनिर्णय असतं. दरवर्षी कुणीतरी येताना घेऊन येतं, आणि त्यातले सूर्योदय सांगलीच्याही कामाचे नसले आणि रेडिंगच्या तर नसलेच, तरी चौकटी मोठ्या असतात. परवा त्यातल्या १४ तारखेच्या चौकटीत बायकोच्या अक्षरात लिहिलेलं दिसलं: 'तपासणी, ९.३०'. मास्तरांनाही मी त्याच आठवड्यातली वेळ मागितली होती, त्यामुळे कुणाची ते कळेना. वर ओरडून विचारलं. "लिहिलंय की खाली," ती म्हणाली. खाली बारीक अक्षरात काहीतरी होतं. फ्रीजवरून चाळिशी घेतली, लावली आणि वाचलं.

'उपाशीपोटी नेणे.'

पिठल्याची टाकी मी रविवारीच काठोकाठ भरली होती.